प्रकाशाचा रेटा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात कुठलंही विधान हिशेबाशिवाय पुढे जात नसे, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तोच शिरस्ता पाळण्याचा मी प्रयत्न करणार आहे. आकडे थोडे येतील, पण ते घाबरवणारे नाहीत. आजचा विषय कळतो तो आकड्यांमुळेच.

विषय आहे प्रकाशाच्या रेट्यावर चालणारी अंतराळयानं. हा विषय निघाला की बोलणं लगेच दुसऱ्या ताऱ्यांवर जातं. मी सुरुवात पृथ्वीपासून ३६,००० किलोमीटरवरून करणार आहे. आपल्या देशाची प्रकाशाच्या रेट्याशी ठळक गाठ पडली ती तिथे, आणि ती फार महागात पडली.

१० एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतून डेल्टा रॉकेटने इन्सॅट-१ए हा उपग्रह सोडण्यात आला. तो भारतासाठी अमेरिकेत बांधला होता. दूरध्वनी, दूरदर्शन आणि हवामान ही तिन्ही कामं या एकाच उपग्रहाने करायची होती. त्यातलं हवामानाचं काम नाजूक. ढगांची अवरक्त किरणांतली चित्रं घेणारा संवेदक अतिशय थंड राहावा लागतो. त्यासाठी त्याची उष्णता बाहेर टाकणारी उत्तरेकडची बाजू काळ्या, मोकळ्या आकाशासमोर उघडी ठेवली होती. तिथे सौरपट्ट्या लावल्या असत्या तर त्यांची ऊब संवेदकापर्यंत पोचली असती. म्हणून सौरपट्ट्या फक्त दक्षिणेच्या बाजूला आल्या.

इथे अडचण उभी राहिली. एकाच अंगाला पट्ट्या असल्या की सूर्यप्रकाशाचा रेटाही त्याच अंगावर जास्त पडतो आणि उपग्रहाला पीळ बसतो. पीळ अगदी थोडा असतो, पण रात्रंदिवस चालू राहतो. तो सावरण्यासाठी उत्तरेच्या बाजूला एक लांब दांडी काढून तिच्या टोकाला हलकं शीड बसवायचं, असं ठरलं. दक्षिणेला प्रकाश जितका पीळ देईल, तितकाच उलटा पीळ उत्तरेच्या शिडाने द्यायचा. ते शीड कुठे जाण्यासाठी नव्हतंच. जागेवर ठाम राहण्यासाठी होतं.

कक्षेत गेल्यावर ते शीड उघडलं नाही.

त्यामुळे तोल सावरण्याचं सगळं ओझं छोट्या इंजिनांवर आणि त्यांच्या इंधनावर आलं. उपग्रहाला इतरही दुखणी होती, त्यांची भर पडली. सप्टेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात इंधन संपलं आणि उपग्रह सोडून द्यावा लागला. सात वर्षं चालायचा तो पाच महिनेसुद्धा धड चालला नाही. पुढच्या वर्षी चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला. तो नीट लागला आणि वर्षानुवर्षं टिकला. दूरदर्शनच्या बातम्यांत वादळाच्या भोवऱ्याचं जे चित्र आपण पाहायला लागलो, ते याच मालिकेचं देणं. पुढे इस्रोने स्वतः बांधलेल्या इन्सॅट-२एवरही तशीच दांडी आणि तसंच शीड होतं. पावसाळ्यात त्या चित्रांकडे डोळे लावून बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या चित्रामागे प्रकाशाला प्रकाशानेच तोलणारं एक शीड होतं?

प्रकाश ढकलतो, ही गोष्ट अंतराळात काम करणाऱ्यांना आधी भुर्दंड म्हणून समजली. तो भुर्दंड इंधनात भरावा लागत होता. ज्याचा भुर्दंड पडतो त्यालाच कामाला जुंपता येतं, हे हळूहळू उमगत गेलं. मला आज सांगायचं आहे ते हेच.

आता हिशेब. पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाबाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट प्रकाश पडतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. १३६१ ला ३० कोटींनी भागा. न्यूटनचे साधारण साडेचार दशलक्षांश येतात, म्हणजे साडेचार मायक्रोन्यूटन. काळ्या पृष्ठभागाने प्रकाश शोषला तर रेटा एवढा. आरशाने तो परत फेकला तर दुप्पट, नऊ मायक्रोन्यूटन. वजनाच्या भाषेत सांगायचं तर एक मिलिग्रॅमपेक्षाही किंचित कमी. एक चौरस किलोमीटरचा आरसा घेतला तरी त्यावरचा एकूण रेटा एक किलो वजनाइतका भरत नाही.

हा आकडा ऐकून सोडून द्यावंसं वाटतं. पण रॉकेटचं काय होतं ते आठवा. रॉकेट मिनिटांत दमतं. इंधन बरोबर न्यायचं, ते इंधन उचलायला आणखी इंधन न्यायचं, आणि सगळं जाळून झालं की उरलेला प्रवास नुसतं तरंगत करायचा. प्रकाशाचा रेटा क्षीण आहे, पण तो सूर्याकडून फुकट मिळतो आणि थांबत नाही. अंतराळात घर्षण नाही, त्यामुळे मिळालेला वेग कुठे मुरत नाही. एका सेकंदाला जे नगण्य, ते तीन कोटी सेकंदांच्या वर्षात नगण्य राहत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोतही येतो, त्याला सौरवारा म्हणतात. नावामुळे वाटतं की शीड त्याच वाऱ्यावर चालत असेल. सौरवाऱ्याचा दाब प्रकाशाच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो. शीड चालतं ते प्रकाशावर.

प्रकाशाला दाब असावा ही शंका जुनी आहे. धूमकेतूचं शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं हे सोळाव्या शतकात नोंदलं गेलं होतं. केप्लरने त्याचं कारण सूर्यप्रकाशात शोधलं आणि १६१० मध्ये गॅलिलिओला लिहिताना, आकाशातल्या वाऱ्याजोगी गलबतं आणि शिडं बनली की त्या पोकळीला न भिणारी माणसंही निघतील, अशी आशा बोलून दाखवली. धूमकेतूचं एक शेपूट धुळीचं आणि एक विद्युतभारित वायूचं असतं, आणि प्रकाशाच्या रेट्याने मागे पडतं ते धुळीचं, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळी पश्चिमेला जो धूमकेतू आपल्याकडूनही दिसला, त्याचा पिसारा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्या पिसाऱ्यातली धूळ सूर्यप्रकाशाने मागे रेटलेली होती.

गणित आलं १८७३ मध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या ग्रंथातून. विद्युतचुंबकीय लहरी पृष्ठभागावर दाब देतात, हे त्याच्या समीकरणांतून निघत होतं. प्रयोगाने ते दाखवणं मात्र भलतंच अवघड निघालं. का, ते या टेबलावर पाहा.

हा काचेचा गोळा क्रुक्सचा रेडिओमीटर आहे. आतली बरीचशी हवा काढून घेतलेली आहे. सुईच्या टोकावर चार पाती आहेत, प्रत्येकाची एक बाजू काळी आणि दुसरी चकचकीत. आता दिवा लावतो. पाती फिरायला लागली. पाहणारा चटकन म्हणतो, बघा, प्रकाश ढकलतोय! पण कोणती बाजू मागे हटते आहे ते नीट पाहा. चकचकीत बाजू प्रकाश परतवते, तिच्यावर दुप्पट दाब, म्हणून हटायला हवी ती. इथे हटते आहे काळी. म्हणजे प्रकाशदाबाने जसं फिरायला हवं, त्याच्या उलट. काळी बाजू तापते, गोळ्यात उरलेल्या विरळ हवेचे रेणू तिथे जास्त जोराने उसळतात आणि त्या हालचालीतून पात्याला धक्का बसतो. हा धक्का प्रकाशाच्या रेट्याहून कितीतरी मोठा असतो. खरा रेटा त्याखाली पार बुडून जातो.

मॉस्कोच्या प्योत्र लेबेदेव यांनी या धक्क्याशी वर्षानुवर्षं झुंज घेतली. काचेच्या बारीक धाग्याला टांगलेल्या, काही मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या पातळ चकत्या त्यांनी घेतल्या. पातळ अशासाठी, की दोन्ही बाजूंचं तापमान जवळजवळ सारखं राहावं आणि हवेला एका बाजूने ढकलायला जागा उरू नये. गोळ्यातली हवा त्यांनी त्या काळी शक्य होतं तितकी काढली. प्रकाश आळीपाळीने दोन्ही बाजूंनी टाकला, म्हणजे उरलीसुरली चूक एकमेकींत वजा व्हावी. १९०० साली पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी निष्कर्ष मांडले, दुसऱ्या वर्षी ते छापून आले. अमेरिकेत निकल्स आणि हल हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोचले. मॅक्सवेलचं भाकीत खरं ठरलं. विज्ञानात अशी चिकाटी मला मोठ्या सिद्धांताइतकीच पूज्य वाटते.

याच धाग्यात कोलकात्याचे मेघनाद साहा येतात, आणि त्यांचं नाव या संदर्भात आपण फार कमी घेतो. पंचविशी नुकतीच गाठलेल्या साहांनी प्रकाशदाबावर सिद्धांत मांडला आणि प्रयोगही केला. त्यांची दृष्टी वेगळी होती. प्रकाश सगळ्या अणूंना सारखा ढकलत नाही. ज्या रंगाचा प्रकाश जो अणू शोषतो, त्या अणूला तो रंग नेमका आणि जोराने ढकलतो. सूर्याच्या पृष्ठभागावर खूप उंच कॅल्शियमसारखा जड अणू कसा तरंगत राहतो, याचं उत्तर त्यांना या निवडक रेट्यात दिसलं. त्यावरचा मोठा लेख त्यांनी अमेरिकेतल्या नियतकालिकाकडे पाठवला. छपाईच्या खर्चाचा वाटा उचलण्याची अट आली. ती रक्कम तरुण अध्यापकाच्या आवाक्याबाहेरची होती, आणि तो लेख तिथे प्रसिद्ध झाला नाही. त्या विषयावरचं छोटं टिपण १९१९ मध्ये ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आलं. ही हकीकत साहांनीच पुढे सांगितली आहे. पैसे नसल्यामुळे एक मोठा लेख मागे राहिला, याची हळहळ शंभर वर्षांनंतरही ओसरत नाही.

अंतराळयुग सुरू झालं तेव्हा प्रकाशाच्या रेट्याने आपली हजेरी न बोलावता लावली. १९६० साली सोडलेला एको-१ हा तीस मीटर व्यासाचा फुगा होता, मोठा आणि अतिशय हलका. त्याची कक्षा प्रकाशाच्या रेट्याने सरकताना दिसली. मग १९७४-७५ मध्ये मरिनर-१० यानाची गोष्ट घडली. बुधाकडे निघालेल्या या यानाचा दिशा सांभाळणारा वायू अपेक्षेपेक्षा फार लवकर खर्ची पडला. तेव्हा त्याचे नियंत्रक सौरपट्ट्या थोड्या वेगवेगळ्या कोनात वळवून प्रकाशाच्या रेट्यानेच यानाला सांभाळू लागले. त्यामुळे वायू वाचला आणि यानाने बुधाजवळून एकदा नव्हे, तीनदा फेरी मारली.

केप्लर दुर्बिणीची हकीकत तर मला सगळ्यांत आवडते. ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावला की त्याच्यासमोरून ग्रह गेला, असं ओळखणारी ही दुर्बीण. त्यासाठी ती दिवसेंदिवस एकाच ठिकाणी अचूक रोखलेली राहावी लागे. रोखून धरायला आत चार फिरती चाकं होती आणि किमान तीन लागत. मे २०१३ मध्ये दुसरं चाक निकामी झालं. दोन चाकांवर दुर्बीण डुलत राहणार, असंच सगळ्यांना वाटलं. अभियंत्यांनी विचार केला: दुर्बिणीला डुलवणारा मुख्य रेटा सूर्यप्रकाशाचाच आहे. यानाच्या सौरपट्ट्या दोन्हीकडे उतरत्या छपरासारख्या जोडलेल्या होत्या. छपराचा आढा बरोबर सूर्याकडे केला तर दोन्ही उतरणींवरचा रेटा सारखा पडेल आणि यान त्यावर तोल धरून राहील. तिसऱ्या चाकाचं काम प्रकाश करील. तसं केलं, आणि ते जमलं. दर ऐंशी-एक दिवसांनी आकाशाचा नवा तुकडा निवडायचा, आणि पुन्हा तोल साधायचा. २०१८ च्या अखेरीस इंधन संपेपर्यंत दुर्बीण अशीच काम करत राहिली. प्रकाशावर तोललेल्या त्या अवस्थेतही तिने शेकडो ग्रह शोधले. आज जेम्स वेब दुर्बिणीच्या सूर्यछत्रीलाही एक छोटा झडपेसारखा पंख आहे. त्याचं कामही हेच, छत्रीवरच्या प्रकाशाचा पीळ कमी करणं.

इथपर्यंत प्रकाश तोल सांभाळतो आहे. त्याच्यावर प्रवास कसा करायचा?

पहिला प्रश्न नेहमी येतो तो हा, की सूर्याचा प्रकाश तर सूर्यापासून दूर ढकलतो, मग शिडाने सूर्याकडे कसं जाता येईल? समुद्रात वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर गलबताला तळाशी पाण्याचा आधार लागतो. अंतराळात पाणी नाही. पण तिथे यान स्थिर उभं नसतं. सूर्याभोवती सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने फिरत असतं. आरशावरचा रेटा आरशाच्या पृष्ठभागाला लंब असतो, त्यामुळे आरसा तिरपा धरला की रेट्याचा एक भाग यानाच्या वाटेच्या दिशेने वळवता येतो. तो पुढे वळवला की यानाचा वेग वाढतो आणि कक्षा हळूहळू मोठी होते. तो मागे वळवला की वेग मंदावतो, सूर्याचं गुरुत्वाकर्षण यानाला आत खेचतं आणि यान वेटोळी घेत सूर्याकडे उतरतं. म्हणजे सूर्याचा प्रकाशच तुम्हाला सूर्याजवळ नेतो. सपाट आदर्श शिडाला यासाठी सगळ्यांत चांगला कोन येतो सुमारे ३५ अंशांचा. आणि जसजसं आत जावं तसा प्रकाश वाढत जातो. अंतर निम्मं झालं की रेटा चौपट.

या युक्तीवर आधारलेली सर्वांत देखणी योजना कागदावरच राहिली. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येणार होता. १९७६-७७ च्या सुमारास नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत लुई फ्रीडमन यांच्या गटाने त्याला गाठण्याचा आराखडा केला. हॅले ग्रहांच्या उलट दिशेने सूर्याभोवती फिरतो. त्याच्या शेजारून त्याच्याच वेगाने जायचं, तर यानाला आपली सगळी कक्षाच उलटी करावी लागते. एवढं इंधन कोणतंही रॉकेट वाहू शकत नव्हतं. शीड वाहू शकत होतं. ८०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद शीड घेऊन सूर्याच्या अगदी जवळ जायचं, तिथल्या प्रखर प्रकाशात दर फेरीला कक्षेचं प्रतल थोडं थोडं कलवत न्यायचं, शेवटी ती कक्षा पार उलटी करायची आणि मग धूमकेतूबरोबर चालायला लागायचं. कार्ल सेगन यांनी शिडाची प्रतिकृती दूरचित्रवाणीवर नेऊन दाखवली. १९७७ मध्ये शीड नाकारून आयन इंजिनाला पसंती मिळाली आणि थोड्याच काळात तीही योजना गुंडाळली गेली.

१९८६ च्या मार्चमध्ये युरोपचं जोत्तो यान हॅलेजवळून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं आणि त्याने थोर काम केलं. पण दोघांचा एकमेकांच्या मानाने वेग सेकंदाला ६८ किलोमीटर होता. अगदी जवळची भेट काही मिनिटांत आटोपली. शीड गेलं असतं तर धूमकेतूबरोबर महिनोनमहिने चालता आलं असतं. हॅले पुन्हा येईल तो २०६१ मध्ये. तेव्हा तरी त्याच्याबरोबर चालणारं यान असावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्याची तयारी त्याच्या किती तरी आधी सुरू करावी लागेल.

फ्रीडमन, सेगन आणि ब्रूस मरे यांनी १९८० मध्ये प्लॅनेटरी सोसायटी काढली. सोसायटीच्या पुढाकाराने बांधलेलं ‘कॉसमॉस-१’ शीड २१ जून २००५ रोजी बॅरेंट्स समुद्रातल्या रशियन पाणबुडीतून सुटलं. रॉकेट पहिल्या टप्प्यातच बिघडलं आणि यान कक्षेत पोचलंच नाही. मोहीम अशी बुडाल्यावर दुसरा कोणी थांबला असता. ते थांबले नाहीत, त्याकडे मी येतो.

ग्रहांमधल्या पोकळीत सूर्यप्रकाशावर पहिल्यांदा खरोखर प्रवास केला तो जपानच्या इकारोसने. २१ मे २०१० रोजी तानेगाशिमाहून ते अकात्सुकी यानाबरोबर शुक्राच्या दिशेने निघालं. शीड चौकोनी, बाजू १४ मीटर, पॉलिइमाइडच्या पापुद्र्याचं, जाडी साडेसात मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सव्वाशेवा-दीडशेवा भाग. एवढा पातळ पापुद्रा अंतराळात उघडायचा कसा? दांड्या लावल्या तर त्यांचंच वजन वाढतं. जपानी अभियंत्यांनी दांड्या वगळल्या. शिडाच्या चार कोपऱ्यांना अर्धा अर्धा किलोची वजनं बांधली, शीड यानाभोवती गुंडाळलं आणि सगळं यान गरगर फिरवलं. बाहेर फेकणाऱ्या ओढीने कोपरे सुटत गेले आणि शीड ताणून उघडलं. पुढेही ते यान फिरत राहिलं, म्हणून शीड ताठ राहिलं.

ते उघडलं हे पाहायचं कुणी? त्यासाठी मुठीत मावतील असे दोन कॅमेरे यानाने बाहेर सोडून दिले. दूर जाता जाता त्यांनी पूर्ण शिडाची छायाचित्रं घेतली आणि यानाला पाठवली. ते कॅमेरे परत यायचे नव्हते. काळ्या आकाशात चंदेरी चौकोन, मधोमध छोटं यान, असं ते चित्र आहे. कुणी संगणकावर रंगवलेलं नव्हे, खरंखुरं. मुलांना दाखवण्यासारखं.

शिडाच्या कडांना द्रवस्फटिकाच्या पट्ट्या होत्या, आपल्या घड्याळांच्या पडद्यात असतात त्याच जातीच्या. वीज दिली की त्या प्रकाश आरशासारखा सरळ परतवतात, वीज काढली की विखुरतात. एका कडेवर रेटा थोडा जास्त, समोरच्या कडेवर थोडा कमी. शीड वळतं, इंधनाचा थेंबही खर्च न होता. शिडावर मिळालेला रेटा मोजला तो १.१२ मिलिन्यूटन. वजनात सांगायचं तर एका ग्रॅमचा जेमतेम नववा हिस्सा. यान मात्र तीनशे किलोंचं. सहा महिन्यांत याच रेट्याने सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर एवढा वेगात बदल घडवला.

८ डिसेंबर २०१० रोजी इकारोस शुक्राजवळून सुमारे ८०,००० किलोमीटरवरून गेलं. एकच दिवस आधी त्याच्या सोबत्याला, अकात्सुकीला, शुक्राभोवती कक्षा धरायची होती. त्याच्या मुख्य इंजिनात बिघाड झाला आणि कक्षा हुकली. पाच वर्षं सूर्याभोवती फिरून, छोट्या इंजिनांच्या जोरावर, अकात्सुकीने २०१५ मध्ये ती पकडली. तो जपानी चिकाटीचा मोठा नमुना आहे. शीड इंजिनापेक्षा श्रेष्ठ, असा अर्थ यातून काढू नये. शुक्राजवळ जाऊन थांबणं हे त्या शिडाला जमणारं नव्हतं, ते त्याचं कामही नव्हतं.

आता प्लॅनेटरी सोसायटीकडे परत येतो. जून २०१९ मध्ये त्यांचं लाइटसेल-२ सुटलं. यान पाच किलोंचं, शीड ३२ चौरस मीटरचं. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, जवळजवळ सगळा लोकवर्गणीतून. सातशेवीस किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीभोवती फिरत होतं. तिथे काम अवघड, कारण पृथ्वीभोवतीच्या अर्ध्या फेरीत यान सूर्याकडे जात असतं आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत सूर्यापासून दूर. सूर्याकडे जाताना शीड कडेने धरायचं, दूर जाताना अंगावर प्रकाश घ्यायचा. दर फेरीला, म्हणजे सुमारे शंभर मिनिटांत, दोनदा नव्वद अंशांचं वळण. तसं करत त्याने कक्षेचा दूरचा बिंदू दोनेक किलोमीटरने उंचावला. विरळ हवा त्याला खाली ओढतच होती, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते वातावरणात शिरून जळालं.

त्याच महिन्यात नासाचं निअर अर्थ अॅस्टेरॉइड स्काउट हे शिडाचं यान चंद्राच्या दिशेने सुटलं आणि त्याच्याशी संपर्कच झाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कर्बतंतूंच्या गुंडाळता येणाऱ्या दांड्यांवर ऐंशी चौरस मीटरचं आणखी एक शीड नासाने उघडलं. एक दांडी किंचित वाकली, पण शीड उघडलं. एवढ्या पातळ आणि मोठ्या गोष्टी जमिनीवर नीट तपासताच येत नाहीत. इथे हवा आहे, वजन आहे. अपयशांची ही मालिका पाहून नाउमेद होण्याचं कारण मला दिसत नाही.

सर्वांत धाडसी कल्पना सूर्याला वगळते. सूर्यापासून दूर गेलं की प्रकाश विरत जातो, म्हणून पृथ्वीवरून लेसरने ढकलायचं. हंगेरीच्या जॉर्ज मार्क्स यांनी १९६६ मध्ये आणि अमेरिकेच्या रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९८४ मध्ये त्यावर गंभीर लेखन केलं. एप्रिल २०१६ मध्ये युरी मिलनर आणि स्टीफन हॉकिंग यांनी ब्रेकथ्रू स्टारशॉट जाहीर केलं: ग्रॅमभर वजनाचं यान, काही मीटरचं शीड, १०० गिगावॅटचा लेसर आणि प्रकाशाच्या वीस टक्के वेग. अल्फा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडी दूर. वीसेक वर्षांत यान तिथून जाईल.

याचाही हिशेब मांडू. १०० गिगावॅट प्रकाश आरशावर पडला की रेटा येतो ६६७ न्यूटन. यान एक ग्रॅमचं धरलं तर दोन मिनिटांच्या आत सेकंदाला ६०,००० किलोमीटर वेग. भौतिकशास्त्र आड येत नाही. आड येतं ते बाकीचं. ३० मे २०२४ रोजी उन्हाच्या काहिलीत साऱ्या भारताची विजेची मागणी विक्रमी २५० गिगावॅटवर गेली होती. त्याच्या दोनपंचमांश शक्ती एका लेसर-झोतात, तीही काही मीटरच्या पापुद्र्यावर. पापुद्र्याने त्यातला एक लाखांश भाग जरी शोषला तरी दहा लाख वॅट उष्णता झाली. तो टिकेल असं द्रव्य आधी शोधायला हवं. यान तिथे थांबूही शकणार नाही. ताऱ्याशेजारून काही तासांत निघून जाईल, आणि तेवढ्यात घेतलेली चित्रं सव्वाचार वर्षांच्या वाटेने क्षीण लेसरने पाठवायची. शिवाय असा लेसर कुणाच्या ताब्यात असावा, हा प्रश्न राज्यकर्त्यांनी फार आधी विचारायला हवा. हे माझ्या हयातीत होणार नाही. यातून पातळ आरशांचं आणि लेसरांचं जे शास्त्र वाढेल, ते मात्र कामाचं ठरेल.

माझी स्वतःची आशा जवळच्या एका कामावर आहे. सूर्यावर उद्रेक होऊन विद्युतभारित वायूचे लोट पृथ्वीकडे येतात. त्यांनी उपग्रह आणि वीजजाळी बिघडू शकतात. त्यांची शेवटची खात्रीची सूचना मिळते ती एल-१ बिंदूवरून, पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवरून. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच फिरतं आहे. पुण्याच्या आयुकाने बांधलेली सूट ही अतिनील दुर्बीण त्यावर आहे, आणि सौरवाऱ्याचे कण मोजणारी उपकरणंही आहेत. पण लोट तिथे पोचल्यावर पृथ्वीवर येईपर्यंत हाताशी साधारण पाऊण तास, जोराचा लोट असेल तर त्याहून कमी वेळ उरतो.

यान सूर्याच्या आणखी जवळ नेलं की सूर्याची ओढ वाढते, त्याचा फेरा पृथ्वीपेक्षा लवकर पुरा होतो आणि ते पृथ्वीला मागे टाकून पुढे निघून जातं. एल-१ वर पृथ्वीच्या उलट्या ओढीने हे जमून जातं, त्याच्या आत जमत नाही. शीड असेल तर जमतं. प्रकाशाचा रेटा सूर्याच्या ओढीतला थोडा भाग सतत कापत राहतो, आणि यान एल-१ च्या पलीकडे, सूर्याच्या बाजूला, पृथ्वीबरोबरच वर्षाचा फेरा घेत टिकून राहतं. इंधनाने हे काम वर्षानुवर्षं करता येणार नाही. नासाची १२०० चौरस मीटरच्या शिडाची सनजॅमर मोहीम यासाठीच होती, ती २०१४ मध्ये रद्द झाली. त्यानंतर आखलेल्या सोलर क्रूझरचं शीड १६५० चौरस मीटरचं. त्याचा एक चतुर्थांश तुकडा जानेवारी २०२४ मध्ये कोलोरॅडोत जमिनीवर उघडून पाहिला गेला.

दुप्पट अंतरावर राखणदार ठेवता आला तर पाऊण तासाचा दीड तास होतो. वीजकेंद्र चालवणाऱ्याला विचारा, तेवढ्या वेळात काय काय वाचवता येतं. इन्सॅटच्या काळात दांडीच्या टोकाला शीड बसवून उपग्रह तोलण्याचं काम ज्या देशाने केलं, आणि सूर्यावर लक्ष ठेवणारं यान एल-१ वर नेऊन दाखवलं, त्या देशाने हे काम अंगावर घ्यावं असं मला वाटतं. त्यासाठी लागणारे पापुद्रे, दांड्या आणि नियंत्रणाचं गणित या सगळ्यांत पुढची दहा-पंधरा वर्षं घालवायला तयार असलेली मुलं या सभागृहातही बसलेली असतील. त्यांच्यापैकी कुणाला शंका असतील तर मी इथे थांबतो आहे, हा रेडिओमीटरही टेबलावरच राहू दे.